जबानीची मागली प्रत

अनुभवकथन लिहायचं तर माणूस निवृत्त झालेला हवा, असा दिवाळी अंकांचा शिरस्ता दिसतो. मी अजून तिशीही गाठलेली नाही. आमच्याकडे निवृत्त झालं ते मशीन. सात वर्षं राबून ते यंदा थकलं आणि त्याच्या पोटातला मजकूर नव्या मशीनमध्ये नेण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या कामात, एका म्हाताऱ्या माणसावर मीच केलेला अन्याय मला सापडला. तो निस्तरता आला म्हणून हे लिहिण्याचं धाडस होतंय. आला नसता तर मी दुसरा विषय शोधला असता, हेही आधीच सांगून टाकते.

माझे वडील कर्नाटक-गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन होते. पगार रेल्वेचा, जीव युनियनचा. लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीनं पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि आमच्या क्वार्टरच्या दारात पडायचे. वाटून उरलेली पत्रकं आई फळीवर अंथरायची, भाकरीखाली घालायची, पावसाळ्यात भिंतीच्या भेगांत कोंबायची. बाराखडी मी शाळेत शिकले, पण वाक्य शिकले ते या पत्रकांवर. त्यामुळे माझं वाक्य अजूनही मूठ वळूनच घराबाहेर पडतं. मी दहा वर्षांची असताना आईनं रॉकेलसाठी रेशन दुकानदाराला चिठ्ठी लिहायला सांगितली, तर शेवटी मी लिहिलं होतं, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ दुकानदारानं मुकाट्यानं रॉकेल दिलं. अशीच भाषा चालते, असा मी त्याचा अर्थ घेतला. तो चुकीचा होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बारावी झाल्यावर रामनगरच्या बाजारातल्या हणमंतमामांच्या टायपिंग सेंटरवर लागले. मामा मूळचे खानापूरकडचे. माझ्या आईचे भाऊ नव्हेत; सगळं रामनगरच त्यांना मामा म्हणतं. वीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर पोरापोरींची बोटं बडवून काढली होती. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत ते डोळे मिटून टाइप करत. मग एका वर्षी त्यांनी धीर करून कॉम्प्युटर आणला. त्या वेळी आख्ख्या जोयडा तालुक्यात असली मशीनं किती होती ते मला ठाऊक नाही, पण आमचं मशीन बघायला लोक रांग लावत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ज्यांनी तसलं मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. त्याला मूळची फक्त इंग्रजी यायची. मराठी यावं म्हणून त्याच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवलेलं होतं. ते कार्ड होतं तोवर पडद्यावर मराठी. तेच लिखाण दुसऱ्या मशीनवर उघडलं तर नुसता कचरा, जणू कुणी कीबोर्डवर कोंबडी सोडलीय. मजकूर साठवायला मोठ्या, पातळ फ्लॉप्या होत्या. आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि भिंतीसकट सगळ्याला बुरशी येते, म्हणून मामा फ्लॉप्या बिस्किटाच्या डब्यात भाजक्या तांदळांत पुरून ठेवायचे. मशीनवर गोधडी आणि गोधडीखाली साठचा बल्ब. पावसाळाभर तो बल्ब जळत असायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, “मामा, अंडी उबवतासा काय?” मामा म्हणायचे, “व्हय. पिल्लू झालं की तुलाच देतो.”

यंदा हुबळीच्या एका व्यापाऱ्यानं नवं मशीन दिलं, जुनं बदल्यात घेण्याच्या बोलीवर. नव्यात रंगीत पडदा, टेबलावर फिरवायचा उंदीर, सगळं. पण त्याला लहान, कडक फ्लॉपी लागते. मोठी त्याच्या तोंडात जातच नाही. शिवाय त्यातलं मराठी निराळ्या पद्धतीनं साठवलेलं. म्हणजे मजकूर न्यायचा तर असं करायचं: जुन्या मशीनमधून मोठ्या फ्लॉपीवर घ्यायचा, लोंढ्याला जाऊन बेळगावची गाडी धरायची, तिथं एका दुकानात दोन्ही तोंडांचं मशीन आहे, त्यावर मोठीतून लहानीत उतरवायचा, परत यायचं, आणि नव्या मशीनमधल्या बदलायच्या प्रोग्रामातून एकेक फाइल काढायची. मी अशा पाच फेऱ्या केल्या. आईला वाटलं मला बेळगावात स्थळ सांगून आलंय.

बदलताना सगळं काही येत नाही. अक्षरं येतात, चौकटी, वेलबुट्टी, चित्रं मागे राहतात. धाकट्या मुलीचं लग्न काढलेले एक गृहस्थ मोठीचीच पत्रिका थोडी बदलून द्या म्हणून आले. मी फाइल उघडून दाखवली. ते पडद्याजवळ वाकले.

“गणपती कुठं गेला?”

“जुन्या मशीनमध्ये राहिला, काका.”

“मग काय लगीन तिथंच लावू?”

मला नवा गणपती शोधून बसवावा लागला. तोही त्यांना पसंत पडेना. सोंड जरा बारीक आहे म्हणाले.

उळवीच्या जत्रेचं पत्रक बदललं तेव्हा आणखीच मजा झाली. पत्रक अर्धं मराठी, अर्धं कन्नड. जुन्या मशीनच्या हिशेबी मराठीतला ‘क’ आणि कन्नडमधला ‘क’ हे आतून एकच होते; कुठल्या लिपीत दाखवायचं याची खूण तेवढी वेगळी. बदलताना ती खूण गळली आणि सगळं कन्नड मराठी अक्षरांत उतरलं. मी दुरुस्तीला बसणार, तेवढ्यात पत्रक न्यायला आलेल्या एका आजोबांनी कागद हातात घेतला आणि ते मोठ्यानं वाचायला लागले. जन्मभर कन्नड बोलले, पण ती अक्षरं त्यांना कधी लागली नव्हती. दोनदा वाचून झाल्यावर म्हणाले, “बाय, ह्ये असंच ऱ्हाऊ दे. पन्नास कागद जास्तीचे काढ.” तेव्हा मला वाटलं होतं, या धंद्यात चुकासुद्धा माणसाच्या बाजूनं होतात. अति समाधान वाटून घेतलं की पुढं काय होतं ते आता सांगते.

जुनं मशीन नवीन असतानाची गोष्ट. कुंभारवाड्याकडच्या वाड्यांवर खबर आली, की तुमची शेतं जंगलात मोडतात, ती सोडावी लागतील. सरकारनं ठरवलेल्या वर्षाच्या आधीपासून कसत असल्याचं ज्याला दाखवता येईल, तो राहील. दाखवणार काय? भात होतं, बांध होता, पण कागद नव्हता. कागद लागतो हेच कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझं तेव्हा रक्त उसळलं. मी वीस वर्षांची होते आणि पत्रकांवर वाढले होते. आम्ही चारपाच जण झोळ्या घेऊन वाडीवाडीनं चालत गेलो. बस दिवसाला एक, तीही मर्जी असेल तर. एकतीस जणांची जबानी मी स्वतःच्या हातानं लिहून घेतली. जसं बोलले तसं, कोकणी तर कोकणी, मराठी तर मराठी. कोण हसलं, कोण उठून गेलं, तेही कंसात.

सेंटरवर येऊन मी ते जसंच्या तसं टाइप केलं, आणि वाचून बघितलं तर मला लाज वाटली. यांच्यावर आभाळ कोसळतंय आणि हे म्हशीचं सांगतायत, कुणाच्या बारशाचं सांगतायत! यात ठिणगी कुठाय? मग मी बसले आणि सुधारलं. एकतीसच्या एकतीस. ज्या कागदांवर मुळात लिहून घेतलं होतं त्यांची पाठ कोरी होती, आणि आमच्याकडे कागदाची टंचाई. मशीनमध्ये सगळं आलंच आहे, म्हणून त्या कोऱ्या बाजूंवर आम्ही पत्रकं काढली आणि रामनगरपासून कॅसलरॉकपर्यंत भिंतींना चिकटवली. लोकांची जबानी भिंतीकडे तोंड करून, माझी घोषणा रस्त्याकडे तोंड करून. तेव्हा यात मला काहीच वावगं दिसलं नाही. पहिल्या पावसात सगळं वाहून गेलं.

सुधारलेल्या जबान्या कचेरीत गेल्या, मागाहून मामांनी केलेला कन्नड तर्जुमाही. आणि जबान्या तिथं झोपल्या. सहा वर्षं.

यंदा, नवं मशीन येऊन दीड महिना झालेला. शनिवारची सकाळ. शेवटची फाइल बदलून झाली होती. जुनं मशीन गवतात गुंडाळून, गोणपाटात शिवून मी आठवड्यापूर्वीच व्हरांड्यात ठेवलं होतं. दुपारी दोनला हुबळीचा टेम्पो ते न्यायला येणार होता. मामा चहा पीत होते, मी नव्या उंदराशी खेळत होते. तेवढ्यात कुंभारवाड्याकडची बस आली आणि तिच्यातून गंगाक्का उतरली.

गंगाक्का ही बुधोबांची एकुलती एक लेक. चाळिशीची, काटक. लग्न झालं तरी माहेरीच राहिली, कारण बुधोबांना दुसरं कुणी नव्हतं. नवरा जंगलकामावर, महिनामहिना बाहेर. बुधोबा म्हणजे मी घेतलेली शेवटची जबानी, एकतिसावी. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी ते गेले. आता शेत त्यांचं, कसणारी ही, आणि जोयड्याच्या कचेरीत यंदा अखेर लागलेली सुनावणीही तिच्याच वाट्याला आलेली.

ती पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंगलबाय, सायेब म्हंतोय ही माझ्या बाची जबानी न्हवं.”

“म्हणजे?”

“एकतीस जण एकाच तोंडानं कसं बोलत्यात, म्हंतोय. कुणा तरी पुढाऱ्यानं लिवल्यात. खरी हाय ती घेऊन या म्हणाला. मंगळवारी फैसला. न्हाई आणली तर माझं नाव उठवायच्या यादीत.”

मी भडकले. पहिल्यांदा साहेबावर. “त्याला काय कळतंय! थांब, मी वाचून दाखवते,” असं म्हणून मी नव्या मशीनवर बुधोबांची फाइल उघडली आणि ठसक्यात वाचायला सुरुवात केली. “पिढ्यान्‌पिढ्या या मातीत घाम गाळणाऱ्या आम्हां श्रमिकांवर सत्तेच्या मुजोर हस्तकांनी सातत्यानं जुलूम केला असून, आमच्या रक्तानं शिंपलेली ही भूमी आम्ही प्राणांतीही सोडणार नाही...”

गंगाक्का ऐकत होती. मध्येच तिला हसू फुटलं.

“काय गं?”

“एवढं बोलाय माझ्या बाला दोन जल्म लागलं असतं,” ती म्हणाली. “तो दिसाला धा शब्द बोलायचा. त्यातलं सात म्हशीला.”

मामा चहाच्या पेल्यात हसले. मी पुढं वाचायला पडद्याकडे वळले. पडद्यावर रंगीत चौकटीत बुधोबांचं नाव होतं आणि त्याखाली मी होते. एकतीस नावं, एकतीस वेळा मीच. साहेबाला बरोबर कळलं होतं.

“मंगे, मूळचं कुठाय?” मामांनी विचारलं.

“कागद भिंतीला लावले.”

“आणि मशीनमधलं?”

“त्याच्यावरच सुधारलं.”

गंगाक्कानं एकदा माझ्याकडे, एकदा मामांकडे पाहिलं. ओरडली नाही, की शिव्या दिल्या नाहीत. नुसती म्हणाली, “मग बाचं बोलणं ऱ्हायलंच न्हाई?” मला वाटतं तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

इथं पुन्हा थोडी धंद्याची माहिती द्यावी लागेल. जुना प्रोग्राम एक काम कुणी न सांगता करायचा. तुम्ही एखादी फाइल बदलून साठवलीत, की बदलण्याच्या आधीची प्रत तो गुपचूप बाजूला ठेवायचा. तिला आम्ही मागली प्रत म्हणायचो. मात्र एकच. पुन्हा उघडून पुन्हा साठवलं, की जुनी मागली प्रत गेली आणि तिच्या जागी नवी. बेळगावच्या फेऱ्या करताना मी या सगळ्या मागल्या प्रती कचरा म्हणून सोडून दिल्या होत्या. फ्लॉप्या वाचवायच्या होत्या ना!

मी बोटांवर मोजायला लागले. एकदा साठवलं ते कच्चं. दुसऱ्यांदा साठवलं ते सुधारलेलं. तेव्हा मागली प्रत कच्ची. पण दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक जबानी मुद्रितशोधनाला उघडायचे आणि पुन्हा साठवायचे. म्हणजे मागली प्रतही सुधारलेलीच. माझी शिस्त आड आली होती. तीसच्या तीस जणांचं मूळ बोलणं मी शिस्तीत पुसलं होतं.

तीस. एकतिसावी मात्र तशी नव्हती. बुधोबांची जबानी शेवटची. ती सुधारून होते न होते तोच कागद घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याची बस लागली होती. तो दारातून ओरडत होता, “द्या लवकर, पुढची बस उद्या!” मी तशीच छापून दिली. त्यात सहासात चुका राहिल्या, त्या मला वर्षानुवर्षं सलत होत्या. ती फाइल मी नंतर कधी उघडून साठवली नव्हती.

“मामा, गोणपाट सोडा!”

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

मामांनी टाके उसवले, मी गवत उपसलं, मशीन टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला आणि थांबला. आतून ‘टक्‌... टक्‌...’ एवढाच आवाज. आठवडाभर ते बल्बाशिवाय व्हरांड्यात पडलं होतं, भाद्रपदातल्या ओल्या हवेत. आतली तबकडी जाम झाली होती. मजकूर सगळा त्या तबकडीवर. ती फिरली तर आहे, नाही फिरली तर असून नसल्यासारखा. बंद केलं, पुन्हा लावलं. टक्‌, टक्‌. पाच वेळा केलं.

“बल्ब लावू,” मामा म्हणाले.

“बल्बानं दोन दिवस लागतील. टेम्पो दोनला येतोय.”

गंगाक्का उठून जवळ आली. आवाज ऐकला. “गारठलंय व्हय?”

“ओल धरलीय.”

“मग हितं काय करतासा? चुलीवर घ्या की.”

मी तिला समजावणार होते की हे मशीन आहे. पण ती माझं ऐकायला थांबलीच नाही. तिनं मामांना विचारलं, “यातलं ओलं झाल्यालं कंचं?” मामांनी स्क्रू काढून आतली तबकडीची पेटी बाहेर काढली, लोखंडी, विटेएवढी. गंगाक्कानं ती पदरात घेतली आणि आम्ही तिघं शेजारच्या चहाच्या हॉटेलात शिरलो.

त्या भागात बियाणाचं भात मुडीत बांधतात. गवताच्या पेंढ्यात भात घालून, वळून, घट्ट गोल गाठोडं करायचं आणि ते चुलीच्या वर माळ्याला टांगायचं. धूर लागतो, ऊब लागते, ओल धरत नाही. पण जाळ कधी लागू द्यायचा नाही. बी भाजलं की मेलं. ही अक्कल त्या बायकांच्या तळहातात असते. गंगाक्कानं हॉटेलवाल्याच्या चुलीवर हात धरला, मागे घेतला, पुन्हा धरला. मग वरच्या फळीवरची भांडी सरकवून, पेटी फडक्यात गुंडाळून तिथं ठेवली. गोणपाटातलं उरलेलं गवतही भोवती लावलं.

हॉटेलवाला म्हणाला, “अक्का, कसला पदार्थ ह्यो?”

“माझा बा हाय त्यात,” गंगाक्का म्हणाली. “जाळ वाढवू नगंस.”

तो बिचारा पुढचा तासभर अर्ध्या जाळावर चहा उकळत बसला. गिऱ्हाइकं ओरडत होती. गंगाक्का मधूनमधून पेटी काढायची, गालाला लावून बघायची, कूस बदलून पुन्हा ठेवायची. मी काय करत होते? मी बाकावर बसून नखं खात होते. 

साडेबाराला ती म्हणाली, “झालं. आता व्हतंय.”

आम्ही सेंटरवर परतलो. पेटी परत बसवण्याआधी मामांनी तिला दोन्ही हातांत धरून मनगटानं एक झटका दिला, रुसलेल्या घड्याळाला देतात तसा. मग ती बसवली आणि मी बटण दाबलं.

टक्‌. मग ‘कर्रर्र’ आणि मग ती ओळखीची घरघर, सात वर्षं रोज सकाळी ऐकलेली. मामांनी डोळे मिटले. मी टाळी वाजवली आणि लगेच हात आवरले, कारण हे किती वेळ चालेल याचा भरवसा नव्हता. आधी फ्लॉपी. भाजक्या तांदळांतून एक ओढून काढली, फुंकली, घातली आणि सगळ्या मागल्या प्रती तिच्यावर घेतल्या. आकडे एकेक करून सरकत होते. झालं! मग बुधोबांची मागली प्रत उघडली. काळा पडदा, हिरवी अक्षरं:

‘मला बुधो म्हणत्यात. वय ठाऊक न्हाई. ह्या शेताला आमी व्हाळावयलं म्हणतो. बा कसायचा, मग मी. गंगी झाली तवा बांधाला फणस लावला. त्या साली दादू गार्ड हुता. भला माणूस. आमच्यात येऊन आंबील प्यायचा. त्याला हिवताप झाला तवा आठ दीस आमच्या वळचणीला निजला, बायकोनं काढा दिला. गंगीच्या बारशाला त्यो हुता. (इथं हसले.) बदली झाली तवा जाताना त्यानं बांधाच्या धोंड्यावर कुऱ्हाडीनं खूण मारली. म्हणाला, बुधो, हितवर तुझं, हितनं फुडं सरकारचं. मी खुणंफुडं कवा गेलो न्हाई. (थोडा वेळ गप्प.) म्हशीला पाणी दाखवायचं हाय. झालं काय?’

मी मोठ्यानं वाचत होते आणि मामा हातानं उतरवून घेत होते. फ्लॉपीचाही भरवसा नको म्हणून. शेवटच्या ओळीला गंगाक्का म्हणाली, “ह्यो माझा बा.”

आणि मला दिसलं मी काय केलं होतं ते. माझ्या सुधारलेल्या जबानीत दादू गार्ड, म्हणजे जंगल खात्याचा माणूस, नव्हता. त्याच्या जागी ‘सत्तेचे मुजोर हस्तक’ होते. आंबील पिणारा, बारशाला येणारा गार्ड माझ्या पत्रकात बसत नव्हता, म्हणून मी त्याला काढून टाकलं होतं. आणि त्याच्याबरोबर फणस, खुणेचा धोंडा, सगळंच. ज्या गोष्टी कुणीही जाऊन डोळ्यांनी बघू शकला असता, नेमक्या त्याच.

दोनच्या टेम्पोतून जुनं मशीन गेलं. मी त्याला नमस्कार केला. कर्मकांडावर माझा विश्वास नाही, पण तो मी केला.

सोमवारी बेळगाव, आणि मामांचा कन्नड तर्जुमा संध्याकाळपर्यंत तयार. मंगळवारी गंगाक्काबरोबर मी जोयड्याला कचेरीत गेले. जुना कागद आणि हा कागद, दोन्ही साहेबांपुढे ठेवले आणि सरळ सांगितलं, “हा माझा आहे, हा त्यांचा. पहिल्यात मी माझी भाषा घातली. चूक माझी, त्यांची नाही.” इतकी साधी तीन वाक्यं उच्चारायला मला जेवढं बळ लागलं, तेवढं कुठल्याही मोर्चात लागलं नव्हतं.

साहेब कन्नडमधून वाचत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “हा दादू गार्ड कोण?”

“गार्ड हुता,” गंगाक्का म्हणाली. “माझ्या बारशाला आल्ता.”

साहेबांनी कारकुनाला बोलावून जुनी बदल्यांची वही मागवली. ती सापडायला अर्धा तास गेला. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. दादू गार्ड त्या भागात होता. ठरवलेल्या वर्षाच्या कितीतरी आधी आला आणि आधीच बदलून गेला. साहेबांनी वही मिटली. “आयतु,” ते म्हणाले, म्हणजे ठीक. “येऊन धोंडा बघतो.”

पुढच्या आठवड्यात ते खरंच आले. बस नव्हती, जीपही व्हाळापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, थांबली, पुढचा चिखल त्यांनी पायांनी तुडवला. धोंड्यावर हिरवं शेवाळ माजलं होतं. गंगाक्कानं कोयत्याच्या पाठीनं ते खरवडलं. खाली कुऱ्हाडीचे दोन तिरपे घाव, एकमेकांना छेदणारे. साहेबांनी त्यात बोट घालून बघितलं. मग फणसाकडे मान वर केली.

“हा किती वर्षांचा?”

“माझ्याएवढा,” गंगाक्का म्हणाली.

“आणि तुम्ही?”

“ते काय तुमच्या वहीत हाय न्हवं?”

साहेब हसले आणि तिथंच उभ्यानं लिहून घेतलं. महिन्याभरानं सेंटरच्या पत्त्यावर पत्र आलं. उठवायच्या यादीतून तिचं नाव कमी झालं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं, मामांनी दोनदा. छातीवरून धोंडा उतरला असं लोक म्हणतात. मला तर माझा श्वासच नवा वाटत होता.

उरलेल्या तीस जणांपैकी एकवीस जण अजून आहेत आणि त्यांच्या सुनावण्या व्हायच्या आहेत. त्यांच्याकडे मी पुन्हा चालत जाते आहे. ते पुन्हा सांगतात, काही जण कुरकुरतात, “मागं सांगितलंय की गं!” मी खाली मान घालून लिहिते. बाकीच्या नऊ जणांचं बोलणं गेलं ते गेलं. ते मीच घालवलं. पत्रकं मी अजून लिहिते, तितक्याच रागानं लिहिते, कारण राग यावा अशी परिस्थिती अजून हटलेली नाही. पण खाली माझं नाव घालते.

पत्र घेऊन मी गंगाक्काकडे गेले तो दिवस सांगते आणि थांबते. तिनं सरकारी पत्र ऐकलं, मान डोलावली आणि माळ्यावरची मुडी दाखवून म्हणाली, पुढच्या पेरणीला बी ठेवलंय. मग म्हणाली, “आता बाचा कागद वाच.” मी तो नवीन मशीनवर छापून नेला होता. वाचला. ‘इथं हसले’ या कंसापाशी ती म्हणाली, “थांब. त्येवढंच परत वाच.”

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

सुधारायला बसले होते तेव्हा सगळ्यात आधी मी खोडलं होतं, ते हेच.